हेमो बुर्मा, तटस्थ

हेमो बुर्माचे केस हिरवे आहेत. त्यानं ते मुद्दाम हिरवे केलेले नाहीत, बरं का. दर पंधरा दिवसांनी तो ते नेमानं काळेच करतो. पण आठवड्याचे पाच दिवस तो नॉर्डरवेनच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवतो, आणि क्लोरीन त्या काळ्या रंगाचं काय करायचं ते करतं. आमच्याकडे पोहण्याची परीक्षा कपड्यांनिशी द्यावी लागते, पोरं अंगभर कपडे घालून तिच्यासाठी हातपाय मारत असतात, नाकातोंडात पाणी गेलेलं असतं, तरी ओरडायचं ते ओरडतातच, "मास्तर, डोक्यावर शेवाळ!" हेमो काही बोलत नाही. तो कधीच काही बोलत नाही. आणि ही गोष्ट त्याच्याच अंगावर कशी आली, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

तर असा हा हिरव्या केसांचा पोहण्याचा मास्तर आमच्या भागातल्या एकमेव गॉथ बँडमध्ये चाळीस वर्षं बेस गिटार वाजवत होता. बँडचं नाव 'वेनराऊ', म्हणजे दलदलीचं सुतक. नावातच सगळं आलं. काळे कपडे, पांढरं फासलेलं तोंड, आणि गाणी अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच घरातलं कुणी गेलंय. नॉर्डरवेनसारख्या बटाट्याच्या गावात हे कुठून उगवलं, असं लोक विचारतात. अहो, सरळसोट कालवा, त्याच्या काठानं सरळसोट घरं, आणि ऑगस्टपासून हिवाळाभर स्टार्चच्या कारखान्याचा तो वास! इथल्या तरुण पोरांना सुतक पाळावंसं वाटलं नसतं तरच नवल.

सन पंच्याऐंशीत चौघांनी सुरुवात केली. फेना गायची. राइंट गिटार वाजवायचा आणि सगळ्यांवर डाफरायचा. वुबो ढोल बडवायचा, कायम अर्ध्या मात्रेनं मागे. आणि हेमो बेस. वय वर्षं सोळा. सरावाला जागा हवी होती. समाजमंदिरामागे बर्फावरच्या स्केटिंग मंडळाची एक खोली होती, खिडकीला गज असलेली. पण समाजमंदिराच्या कमिटीनं सांगितलं, जागा फक्त रीतसर मंडळाला मिळेल. आमच्याकडे तीन माणसं एकत्र आली की त्यांना अध्यक्ष, सचिव आणि घटना लागतेच, त्याशिवाय कॉफीसुद्धा उकळत नाही.

घटना कुठून आणायची? हेमोची आई स्केटिंग मंडळाची सचिव होती. तिनं मंडळाची घटना काढली, जिथे जिथे 'बर्फ' होतं तिथे तिथे 'संगीत' घातलं आणि एका दुपारी काम उरकलं. म्हणून दलदलीच्या सुतकाच्या घटनेत आजही लिहिलेलं आहे की संगीताची जाडी सात सेंटिमीटर झाल्याशिवाय कुणालाही त्यावर जाऊ देऊ नये. राइंटनं ते वाचलं आणि म्हणाला, "खोल अर्थ आहे यात." सगळ्यांनी सह्या ठोकल्या. पुढची कलमं कुणी वाचलीच नाहीत. कलम चार: एकदा झालेला सभासद, त्यानं सहीनिशी लेखी राजीनामा दिल्याशिवाय, सर्वसाधारण सभेनं काढल्याशिवाय किंवा तो मेल्याशिवाय, सभासदच राहील. कालवा न गोठणाऱ्या हिवाळ्यात सभासद पळू नयेत म्हणून स्केटिंगवाल्यांनी केलेली ती सोय होती. आणि कलम नऊ: कोऱ्या मतपत्रिका मोजल्या जाणार नाहीत.

सचिव कोण? आईचा मुलगा म्हणून हेमो.

त्यानंतर चाळीस वर्षं बँडमध्ये माणसं आली आणि गेली. किती? वीस गेली, त्यातला एक देवाघरी, बाकीचे एकोणीस बैठकीत मतदानानं काढलेले, रागारागानं. एक जण पाद्री झाला. एक गिटारवाला लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट फुंकायला गेला आणि चांगला सुखी झाला, हे राइंटला अजूनही सहन होत नाही. जुळ्या बहिणी होत्या, त्या एकमेकींना बघवेनाशा झाल्या. शेवटी राइंटलाही त्यानंच आणलेल्या एका पोरानं बाहेर काढलं. जाताना त्या एकोणीस जणांनी एकच गोष्ट केली. त्या खोलीचं दार इतक्या जोरात आपटलं की मूठ निखळून पडायची. लेखी राजीनामा मात्र एकानंही दिला नाही. संतापलेला माणूस पत्र कुठलं लिहायला बसतो?

मग हेमो खिशातून पेचकस काढायचा, मूठ बसवायचा, आणि बसून इतिवृत्त लिहायचा. तो स्वतः दार कधीच आपटत नसे. हलक्या हातानं ओढून घ्यायचा.

गेलेल्या माणसांना तो विसरला असं मात्र नाही हं. आमच्या घराघरांत संडासात वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली असते. वार नसतात तिच्यात, नुसत्या तारखा. बसल्या बसल्या नजर जाते आणि माणसं लक्षात राहतात. हेमोच्या संडासात अशी एक होती, आणि तिच्यात बँडमधल्या प्रत्येकाचं नाव होतं. एकही खोडलेलं नाही. दरवर्षी प्रत्येकाला त्याचं कार्ड जायचं. पण ती कार्डं शहाऐंशी सालच्या पहिल्या कार्यक्रमाच्या निमंत्रणाची, राइंटनं छापून घेतलेली, मयताच्या पत्रासारखी पांढरी आणि काळ्या काठाची. पाचशे छापली होती, त्यातली चौदा वाटली गेली. उरलेली टाकायची म्हणजे काय! तेव्हा दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या दारात काळ्या काठाचा लिफाफा पडायचा, कोण मेलं म्हणून त्याची बायको छातीवर हात ठेवून उघडायची, आणि आत हेमोच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा.'

त्या दिनदर्शिकेत एकच तारीख नव्हती. पंधरा नोव्हेंबर, हेमोची स्वतःची. आपल्याच संडासात आपलंच नाव कोण लिहितं?

आता मुद्द्यावर येतो. शेवटी शेवटी बँडमध्ये हेमो सोडून तीन जण होते. गाणारी मेरेल, लॅपटॉपवाला सिमेन आणि गिटारवाला योरिस. तिघांची वयं मिळून हेमोएवढी होतील न होतील. पण पोरं हुशार. त्यांनी गाणी इंटरनेटवर टाकली आणि काय चमत्कार, जर्मनीतल्या काळ्या कपड्यांच्या मोठ्या मेळ्याचं बोलावणं आलं. सोबत एक विनंती होती, फोटो पाठवा. फोटो काढला. तीन फिकट, देखणे चेहरे, आणि मागे हिरव्या केसांचा एक सत्तावन्नकडे झुकलेला माणूस. कोणी तलावाचा रखवालदार चुकून चौकटीत आला असावा तसा.

गुरुवारच्या सरावानंतर मेरेलनं त्याला बाजूला घेतलं. आमच्याकडे लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात.

"हेमो, हे तुझ्याविरुद्ध नाहीये हं."

"नाही, नाही."

"सिमेनचा लॅपटॉपही बेस वाजवतो. शिवाय गाडीत जागा खात नाही."

"खरंय."

"आम्ही रीतसर सभा घेतो. सर्वसाधारण. पंधरा नोव्हेंबर, शनिवारी दुपारी दोनला. विषय एकच, तुझं सभासदत्व. तुझं काय म्हणणं आहे?"

हेमोनं पेचकस खिशात नीट ठेवला. "माझं काय... तुम्ही बघा."

आणि दार हलक्या हातानं ओढून तो घरी गेला. गुरुवार हाच त्याचा आठवडा होता. लग्न झालं नाही, आई गेली, दोन खोल्यांच्या घरात तो आणि ती बेस. गुरुवार काढून घेतला तर मागे उरतं काय? क्लोरीन. त्याला बँडमध्ये राहायचं होतं. इतकं काही त्याला आयुष्यात कधी हवंसं वाटलं नव्हतं, आणि ते मागायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो संडासात जाऊन बसला. समोर दिनदर्शिका. रागावून गेलेल्यांची एकोणीस नावं. आणि एकदम त्याला कलम चार आठवलं.

पहिला फोन फेनाला. फेना आता कालव्यापलीकडे खाण्याची टपरी चालवते, तिच्याकडचे तळलेले अंड्याचे गोळे खायला लोक लांबून येतात.

"फेना, हेमो बोलतोय."

"कोण मेलं?"

"कुणी नाही. सभा आहे बँडची."

"मला तर तुम्ही एकोणनव्वद साली हाकललंत!"

"ती नुसती सरावाची बैठक होती, सर्वसाधारण सभा नव्हे. कागदोपत्री तू सभासद आहेस अजून. राजीनामा लेखी दिला नाहीस."

पलीकडे झारा आपटल्याचा आवाज आला. मग ती खो खो हसत सुटली. "म्हणजे तुला काढतायत, आणि तुला माझं मत हवंय!"

"हवंय असं नाही. जमलं तर ये."

"बाई गं! तसाच राहिलास रे तू."

पंधरा तारखेला हेमोनं केक घेतला. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानंच लोकांना केक खिलवायचा असतो. पण वाढदिवस आहे असं त्यानं कुणाला सांगितलं नाही. मतांवर दबाव येईल, अशी त्याला धास्ती! केक त्यानं खोलीच्या कोपऱ्यात स्केट्सच्या पेटीवर ठेवला. कुणी बघितलाच तर बँडच्या चाळिशीचा समजेल, आणि झालंही तसंच.

दोन वाजता मेरेल, सिमेन, योरिस येऊन बसले. दहा मिनिटांत उरकू, असा त्यांचा हिशेब. दोन वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं आणि वुबो आत आला, बटाट्याच्या शेतातून थेट, पण अंगात पंच्याऐंशी सालचा काळा कोट. बटणं लागत नव्हती. त्याच्या मागे जुळ्या बहिणी, दोन वेगळ्या गाड्यांतून. मग पाद्री. त्याला कपडे बदलावे लागले नव्हते, रोजचेच काळे. मग ट्रम्पेटवाला. मग राइंट, चष्मा लावून, तसाच डाफरत. एकोणीसच्या एकोणीस आले हो! काळ्या काठाच्या त्या कार्डांची ताकद बघा.

"हे कोण लोक आहेत?" मेरेल किंचाळली.

हेमोनं खाली मान घालून कलम चार वाचलं. सिमेननं मोबाइलवर मंडळांचा कायदा शोधला आणि मान डोलावली. "बरोबर आहे. सगळे सभासद आहेत."

मग कॉफी झाली. प्रत्येकी एक बिस्किट आणि डब्याचं झाकण बंद, हेही घटनेतच आहे. हेमोला आत कुठेतरी ऊब वाटू लागली होती. एकोणीस विरुद्ध तीन. जो येत होता तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता. "तुझं कार्ड दरवर्षी मिळतं हं," म्हणत होता. पाद्री तर म्हणाला, "माझ्या सख्ख्या भावाला माझी तारीख आठवत नाही, तुला आठवते." हेमोनं त्याचा कप पुन्हा भरला. आता आपल्याला कोण काढतंय, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं.

मेरेलनं ठराव मांडला. मत घेण्याआधी कुणाला बोलायचंय का?

फेना उठली. "सचिव, एकोणनव्वदच्या मार्चमधल्या बैठकीचं इतिवृत्त वाच."

हेमोनं जुनी वही काढली. त्याला पान शोधावं लागलं नाही. फेनाला काढलं होतं, कारण ती रंगमंचावर हसली होती. सगळ्यात दुःखी गाण्याच्या ऐन मध्यात समाजमंदिराचा माणूस तळलेल्या अंड्याच्या गोळ्यांचा थाळा घेऊन वर आला आणि माइकजवळ येऊन विचारता झाला, "हे कुणाचे?" फेनाला हसू आवरेना. गॉथ गाणारीनं हसणं म्हणजे राइंटच्या लेखी महापाप. हेमोचं तेव्हा फेनावर प्रेम होतं. तसं इतिवृत्तात नमूद नाही.

"ठरावाच्या बाजूनं, राइंट आणि कीबोर्डवाला," हेमो वाचू लागला. "विरोधात, वुबो. हेमो बुर्मा..." तो थांबला.

"वाच की," फेना म्हणाली.

"तटस्थ."

"मी तर आधीच दार आपटून गेले होते. तू हात वर केला असतास तर दोन विरुद्ध दोन झालं असतं. मी राहिले असते." ती खाली बसली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं.

मग ट्रम्पेटवाला म्हणाला, "माझंही वाच रे, चौऱ्याण्णवचं." हेमोनं वाचलं. तटस्थ. पाद्रीचं, अठ्ठ्याण्णवचं. तटस्थ. जुळ्या बहिणींचं एकाच बैठकीत झालं होतं, तिथे दोनदा तटस्थ. राइंटनं चष्मा सारखा केला. "आणि मला काढलंत त्या दिवशी? मी तुला चारचौघांत विचारलं होतं, हेमो, तू तरी बोल. तू काय केलंस?"

"दार दुरुस्त केलं," हेमो पुटपुटला.

"मतदानात?"

"तटस्थ."

एकामागून एक, एकोणीस वेळा त्यानं तोच शब्द वाचला. त्याच्याच अक्षरात लिहिलेला, सुबक, खाडाखोड नाही. तोवर तो समजत होता की आपण कुणाचं वाईट केलं नाही. मूग गिळून बसलं की कुणाचं काही बिघडत नाही, अशी त्याची पक्की खात्री. आता ती वही त्याला हातात धरवेना. चांगला माणूस हो, पण त्या क्षणी त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

मतपत्रिका वाटल्या. खोलीत नुसती पेनांची खरखर, तीही थोडीच. हेमोनं आपल्या कागदावर पेन टेकवलं. सवयीनं तो कोराच घडी करणार होता. मग त्यानं दात आवळले आणि लिहिलं, विरोध. इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला.

मोजणी सचिवानंच करायची. त्यानं एकेक चिठ्ठी उघडली.

"बाजूनं, तीन." मेरेल, सिमेन, योरिस.

"विरोधात, एक." चिठ्ठी फाटलेली होती. कुणाची ते सगळ्यांना दिसलं.

उरलेल्या त्यानं उघडल्या, उलटून पाहिल्या, पुन्हा उघडल्या.

"कोऱ्या, एकोणीस."

कलम नऊ. कोऱ्या मोजत नाहीत. ठराव मंजूर.

मेरेलचाच चेहरा पडला होता. वुबो खुर्चीत चुळबुळला. "हेमो, वाईट वाटून घेऊ नकोस हं. आम्ही काही तुझ्या विरुद्ध मत दिलं नाही."

"माझ्या बाजूनंही नाही," हेमो म्हणाला.

"आम्ही आपसांत ठरवलं नव्हतं रे," फेना म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "शपथ घेऊन सांगते. ज्यानं त्यानं आपापलं केलं."

हेमोनं इतिवृत्त पुरं केलं. शेवटच्या ओळीत आपल्या नावापुढे हात सवयीनं 'तट' लिहून गेला. त्यानं ते खोडलं आणि लिहिलं, विरोध. चाळीस वर्षांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. मग बेस पिशवीत घातली, वही मेरेलपुढे ठेवली, आणि बाहेर पडून दार हलक्या हातानं ओढून घेतलं.

मग दार पुन्हा उघडलं. उंबऱ्यात हेमो उभा, कान लाल, हिरवे केस विस्कटलेले. त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "जा मसणात सगळे!" तो ओरडला, आणि दार असं आपटलं, असं आपटलं की भिंतीवरच्या जुन्या स्केट्स खाली आल्या.

आत टाळ्या. एकोणीस माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. राइंट तर शिट्टी मारत होता. या बाबतीत ते सगळे जाणकार, आणि त्यांच्या मते असं दार आजवर कुणी आपटलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर वुबो दाराशी गेला. ओढलं. दार हलेना. मूठ बाहेरून दांड्यासकट निखळली होती आणि हेमोच्या हातात होती. पेचकस हेमोच्या खिशात. खिडकीला गज.

फेनानं गजांतून नाक बाहेर काढलं. "हेमो! अरे, दार उघड!"

"मी सभासद नाही आता."

"उघड रे बाबा, माझी तळण तशीच आहे!"

हेमोनं हातातल्या मुठीकडे पाहिलं. "आज पंधरा नोव्हेंबर," तो म्हणाला. "माझा वाढदिवस आहे. कोपऱ्यात केक आहे. आधी तो खा, मग उघडतो."

मग मागे वळून तिनं आत काहीतरी सांगितलं, आणि आतली कुजबुज थांबली. राइंटचा आवाज आला, "पेन कुणाकडे आहे? तारीख लिहून घ्या." वुबो म्हणाला, "सुरी नाहीये." पाद्री म्हणाला, हातानं तोडू. मग फेना हसायला लागली, त्या मार्चमधल्यासारखी, हसू आवरेनासं होऊन, आणि हसता हसताच तिनं वाढदिवसाचं गाणं धरलं. बाकीच्यांनी मागून सूर लावला, मेरेलनंसुद्धा. कुणी स्केट्सच्या पेटीवर ठेका धरला.

हेमो बाहेर थंडीत उभा राहून ऐकत होता. वुबो नेहमीसारखाच अर्ध्या मात्रेनं मागे होता.